मुलगा म्हणतो, बेसबॉलचा कोच होणार

प्रिय ताई,

आम्ही मूळचे सांगलीचे, गेली २४ वर्षं ह्यूस्टनजवळ राहतो. मुलगा इथेच जन्मला, आता २२ वर्षांचा आहे. टेक्सासमधल्याच एका लहान कॉलेजात त्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि चारही वर्षं तिथल्या डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांच्या तीन श्रेणींतली शेवटची) बेसबॉल संघाचा कॅचर होता, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा. एका तेल कंपनीत चांगली नोकरी लागली आहे, ऑगस्टमध्ये रुजू व्हायचंय. आणि गेल्या रविवारी जेवताना म्हणतो, मी ती घेणार नाही, मला कॉलेज बेसबॉलचा हेड कोच व्हायचंय! ओक्लाहोमातल्या एका डिव्हिजन टू कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा मिळतेय म्हणे. मास्टर्सची फी माफ आणि दहा महिन्यांचे मिळून ९,००० डॉलर. त्याचे बाबा एवढंच बोलले, "कोच म्हणजे आचरेकर सर. त्यांनासुद्धा स्टेट बँकेची नोकरी होती." आणि पानावरून उठले. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. सासूबाई सांगलीहून रोज विचारतात, नातू कुठे लागला? मी काय सांगू? हे खरंच करिअर असतं का? किती वर्षं लागतात? पोट भरतं का? आणि उद्या याला मुलगी कोण देणार?

एक आई, ह्यूस्टन


तुमचं पत्र वाचलं आणि मला ताडपत्री आठवली.

मिडवेस्टमधल्या एका कॉलेजच्या क्रीडा विभागात मी १७ वर्षं हिशेब लिहिले. डिव्हिजन टूचंच कॉलेज. माझ्या खिडकीतून बेसबॉलचं मैदान दिसायचं. नोकरीच्या पहिल्या वसंतात एकदा धो धो पाऊस आला. पन्नाशीचा एक माणूस चिखलात अनवाणी धावत पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, उंचवट्यावर ताडपत्री ओढत होता, मागे दहाबारा पोरं. मला वाटलं, मैदानाचा माळी असावा. तासाभराने तोच माणूस ओल्या कपड्यांनी माझ्या टेबलासमोर उभा. हातात व्हॅनच्या डिझेलची पावती. तो हेड कोच होता, आणि आदल्या रात्री संघाची व्हॅन साडेपाच तास त्यानेच चालवली होती.

हे आधी सांगते, कारण "हेड कोच" म्हटल्यावर तुमच्या मुलाच्या डोळ्यांपुढे बहुतेक ओमाहा असणार. नेब्रास्कातल्या त्या गावात १९५० पासून दर जूनमध्ये कॉलेज बेसबॉलची शेवटची स्पर्धा होते. डिव्हिजन वनमध्ये सुमारे ३०० संघ आहेत, त्यांतले ६४ राष्ट्रीय स्पर्धेत घेतात आणि ८ ओमाहाला पोचतात. तिथल्या डगआउटमध्ये कठड्यावर हात टेकून उभा असलेला कोच टीव्हीवर फार रुबाबदार दिसतो. पण डिव्हिजन टू, थ्री, ज्युनियर कॉलेजं धरली तर या देशात हेड कोच म्हणून काम करणारी बहुतेक माणसं माझ्या त्या ताडपत्रीवाल्यासारखीच आहेत.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. त्यांचं वाक्य रागाचं असेल, पण चुकीचं नाही. गंमत म्हणजे इथेही आचरेकर सरांसारखा एक माणूस होऊन गेला. रॉड डेडो. लॉस एंजेलिसच्या युएससी विद्यापीठात १९४२ ते १९८६ एवढा काळ कोच होते, ११ राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत, त्यांतली १९७० ते १९७४ अशी पाच ओळीने. पगार किती? वर्षाला एक डॉलर! घर चालायचं ते त्यांच्या मालवाहू ट्रकांच्या धंद्यावर. शिवाजी पार्कवर स्टंपावर ठेवलेला आचरेकर सरांचा रुपया आणि हा डॉलर शेजारी ठेवून बघा. प्रशिक्षण ही मिळकत नव्हे, मिळकत दुसरीकडे, हा हिशेब दोन्हीकडे एकच होता. त्यामुळे यजमानांना "तुम्हाला काही कळत नाही" असं म्हणू नका. त्यांचं माहितीचं पान जुन्या आवृत्तीचं आहे, इतकंच.

नवीन आवृत्तीत काय आहे तेही सांगते. आज वरच्या थरातले कोच वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर कमावतात. टेनेसीच्या टोनी व्हिटेलोंनी २०२४ मध्ये विजेतेपद मिळवलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी त्यांना थेट आपला मॅनेजर केलं. ते व्यावसायिक बेसबॉल कधी खेळले नव्हते, तिथे कोचही नव्हते. व्यावसायिक बेसबॉलचा काहीही अनुभव नसताना कॉलेजातून उडी मारून थेट मेजर लीगचा, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगचा, संघ हातात, असं आधी घडलं नव्हतं. मुलगा हे उदाहरण तुमच्या तोंडावर फेकेल, तर ते खरं आहे हे मान्य करा. मग विचारा, त्याआधी व्हिटेलोंनी मिसूरी, टीसीयू आणि आर्कान्सा या कॉलेजांत मिळून किती वर्षं असिस्टंट म्हणून काढली? दीड दशक.

किती वर्षं लागतात, याचं उत्तर तुमच्याच गावात आहे. मेडिकल सेंटरला जाताना राइस विद्यापीठाचं बेसबॉल स्टेडियम लागतं, रेकलिंग पार्क. तिथे वेन ग्रॅहम नावाचे कोच होते. तरुणपणी मेजर लीगमध्ये जेमतेम डोकावून आले, मग ह्यूस्टनच्या शाळांमध्ये मुलांना शिकवत राहिले. पंचेचाळिशीच्या आसपास त्यांना सॅन जॅसिंटो हे ज्युनियर कॉलेज मिळालं. तिथे सहा वर्षांत पाच राष्ट्रीय विजेतेपदं! पुढे मेजर लीग गाजवणारे पिचर रॉजर क्लेमन्स आणि अँडी पेटिट त्यांच्याच हाताखालून गेले. तरी मोठं कॉलेज मिळायला १९९२ उजाडलं, तेव्हा वय ५५. आणि २००३ मध्ये राइसने विजेतेपद मिळवलं तेव्हा ६७. आपल्याकडे त्या वयात माणूस सकाळी फिरायला जाऊन गुडघ्यांवर बोलतो.

प्रत्येकाला इतकी वर्षं लागतात असं नाही. पण ही शिडी सरळ नसते, हे दोघांनीही समजून घ्यायला हवं. व्हँडरबिल्टला २०१४ आणि २०१९ ची विजेतेपदं मिळवून देणारे टिम कॉर्बिन पंचविशीतच प्रेस्बिटेरियन नावाच्या लहान कॉलेजचे हेड कोच झाले होते. ते पद सोडून ते क्लेमसनला असिस्टंट म्हणून गेले आणि नऊ हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली राहिले. मग २००३ चा हंगाम व्हँडरबिल्टमध्ये. आर्कान्साचे डेव्ह व्हॅन हॉर्न ज्युनियर कॉलेजातून सेंट्रल मिसूरीला गेले, तिथे १९९४ मध्ये डिव्हिजन टूचं विजेतेपद घेतलं, मग नॉर्थवेस्टर्न स्टेट, मग नेब्रास्का, मग आर्कान्सा. म्हणजे तुमच्या मुलाला मिळणारी डिव्हिजन टूची पायरी ही आडबाजूची गल्ली नव्हे. मोठी माणसं त्याच रस्त्याने गेलेली आहेत. त्या रस्त्यात थांबलेली आणि परत फिरलेली त्याहून पुष्कळ आहेत, त्यांची नावं मात्र कोणी छापत नाही.

पैशाचं बोलू. खालच्या पायऱ्यांवर हा धंदा वर्षानुवर्षं फुकट मजुरीवर चालला. डिव्हिजन वनमध्येसुद्धा हेड कोच, दोन पगारी असिस्टंट आणि तिसरा "व्हॉलंटियर" असा नियम होता. तिसरा पूर्ण वेळ राबायचा, पगार शून्य. उन्हाळ्यात शाळकरी मुलांचे कॅम्प घेऊन जे मिळेल त्यात वर्ष काढायचं. पुढे या मंडळींनी एनसीएएवर, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेवर, खटला भरला, आणि जुलै २०२३ पासून व्हॉलंटियर हा प्रकारच रद्द झाला, आता तिसऱ्यालाही पगार देता येतो. देता येतो म्हणजे दिलाच जातो असं नाही, हे हिशेब लिहिणारीकडून ऐका.

९,००० डॉलरमध्ये ओक्लाहोमाच्या लहान गावातसुद्धा भागणार नाही. दोन मुलांबरोबर खोली घेतली तर कसंबसं. आरोग्य विम्याची काळजी चार वर्षं नाही, २६ वर्षांपर्यंत तो तुमच्या पॉलिसीवर राहू शकतो. मात्र एक गोष्ट तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही. ग्रॅज्युएट असिस्टंट वर्गात शिकवत किंवा संशोधन करत असेल तर माफ झालेली फी करमुक्त असते. संघाचं काम करणाऱ्याला तो नियम सहसा लागू होत नाही, आणि वर्षाला ५,२५० डॉलरच्या वरची फीमाफी उत्पन्नात धरली जाऊ शकते. आमच्याकडे दर वर्षी एखादा पोरगा वसंतात पगाराची स्लिप घेऊन माझ्यासमोर रडवेला उभा असायचा, की या महिन्यात हातात इतकेच कसे? तेव्हा त्याने ते कॉलेजच्या पेरोलला आत्ताच, लेखी, विचारून ठेवावं.

पण खरं सांगू का, मला पैशापेक्षा वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि तो तुमच्या पत्रात नाही. मुलाला कोच व्हायचंय, की हेड कोच? या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

कोच शिकवतो. पिचरचा खांदा कुठे उघडतो, कॅचरने गुडघा कधी टेकवायचा, हे पाहतो. तुमचा मुलगा चार वर्षं कॅचर होता म्हणजे त्याला याची गोडी असणारच. कॅचर हा मैदानावरचा एकटाच खेळाडू, ज्याचं तोंड बाकी सगळ्यांकडे असतं. प्रत्येक चेंडूआधी तो डगआउटकडे बघतो, कुठला चेंडू टाकायचा त्याचा आकडा घेतो आणि पिचरला कळवतो. तेव्हा त्याच्या डोक्यात कोचकी शिरली यात काही नवल नाही.

हेड कोच मात्र वाटणी करतो. आपल्याकडच्या भाऊबंदकीतल्यासारखी वाटणी, फक्त दर वर्षी नव्याने. आमच्या डिव्हिजन टूला बेसबॉलसाठी जास्तीत जास्त ९ पूर्ण स्कॉलरशिप देता येत. मुलं असत ३५ ते ४०. मग कोणाला फीच्या ४० टक्के, कोणाला २५, कोणाला फक्त पुस्तकांचे पैसे, कोणाला पाठीवर थाप. हा तक्ता कोच पेन्सिलीने लिहून माझ्याकडे आणायचे आणि मी तो संगणकात भरायची. शेवटच्या रकान्याची बेरीज ९.०० च्या वर गेली की परत पेन्सिल, परत खोडरबर. त्या खोडरबराखाली कोणाच्या तरी घरातले ३,००० डॉलर असायचे. आणि दुसऱ्या दिवशी फोन. आमच्या मुलाला २५ का आणि त्याच्या मित्राला ४० का? मुलाचे बाबा, आई, आजोबा, एकदा तर शाळेचे मुख्याध्यापक. पैशानंतर जागांची वाटणी. नऊ जण मैदानावर, बाकीचे बाकावर. मग वेळेची. आणि मग शरद ऋतूतला तो दिवस, जेव्हा चारपाच मुलांना केबिनमध्ये बोलावून सांगायचं की तू संघात नाहीस. त्या दिवशी आमचे कोच दुपारी जेवत नसत. मी विचारलं नाही, पण डबा तसाच परत जाताना दिसायचा.

हे काम आता वरच्या थरात आणखी कठीण झालंय. पूर्वी डिव्हिजन वनला ११.७ स्कॉलरशिप वाटायच्या असत. जून २०२५ मध्ये एका मोठ्या खटल्यात तडजोड मंजूर झाली. तीत सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा उरली नाही, त्याऐवजी संघात ३४ च मुलं ठेवायची. ज्यांच्याकडे ४० होती त्यांनी सहा काढली. ती सहा कुठे जातात? खाली, म्हणजे डिव्हिजन टूला, तुमच्या मुलाच्या ओक्लाहोमातसुद्धा. त्यामुळे तिथल्या हेड कोचला आणखी काहींची जागा करावी लागते. शिवाय ट्रान्सफर पोर्टल. मुलं दर उन्हाळ्यात कॉलेज बदलू शकतात, म्हणून जूनमध्ये हंगाम संपला की कोचचा अर्धा संघ हातातून निसटलेला असू शकतो आणि तो फोनला चिकटून दुसऱ्यांचा अर्धा संघ आपल्याकडे ओढत असतो. जुलैत जॉर्जियाच्या उन्हात शाळकरी मुलांच्या स्पर्धा बघत, पाठीला घडीची खुर्ची बांधून एका मैदानावरून दुसऱ्यावर. वर देणगीदारांबरोबर गोल्फ. बेसबॉल यात कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. आमचे कोच म्हणायचे, तीन ते सहा.

आमच्याकडे दोन असिस्टंट एकाच वर्षी आले होते, नावं सांगत नाही. एक जण पिचरांचा जादूगार. ज्याचा चेंडू कुठेही जायचा तो पोरगा महिन्याभरात कोपरा गाठायला लागायचा. दुसरा साधारण. पण त्याला प्रत्येक मुलाच्या आईचं नाव पाठ, पोराचं गणित कच्चं आहे की आजी आजारी आहे तेही ठाऊक, आणि नकार असा द्यायचा की नकार मिळालेला मुलगा ख्रिसमसला त्यालाच कार्ड पाठवायचा. पुढे दोघंही हेड कोच झाले. जादूगाराने दोन वर्षांत राजीनामा दिला. त्याने एकाही मुलाला संघाबाहेर काढलं नव्हतं, पेन्सिल हातात घेतली की त्याचा हात थरथरायचा. आता एका शाळेत शिकवतो, संध्याकाळी पिचरना तयार करतो आणि दहा वर्षांनी लहान दिसतो. दुसरा अजून हेड कोच आहे. याचा अर्थ तुमच्या मुलाने शिकवण्याची आवड सोडावी असा नाही. उलट शाळेतली नोकरी करून संध्याकाळी मैदानावर, हा फार चांगला संसार आहे, आणि तो आचरेकर सरांच्या वाटेवरचा आहे. यजमानांना तोही पर्याय ऐकवा.

खुर्चीच्या भरवशाबद्दल एवढंच सांगते. तुमच्या शेजारीपाजारी टेक्सास ए अँड एमचे ॲगी, म्हणजे तिथे शिकलेले, असतीलच. त्यांना जून २०२४ विचारा. त्यांचा संघ ओमाहात शेवटचा सामना टेनेसीकडून हरला. तुम्ही टेक्सास विद्यापीठात, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, जाणार का, असं विचारणाऱ्या पत्रकारावर कोच जिम श्लॉसनेगल चिडले, आणि दुसऱ्याच दिवशी टेक्सासला गेले. ॲगी अजून ते नाव घेताना दात खातात. उलट टोकाला फ्लोरिडा स्टेटचे माइक मार्टिन. १९८० ते २०१९, एकच कॉलेज, ४० हंगाम, २,०२९ विजय. ओमाहाला १७ वेळा गेले आणि विजेतेपद एकदाही नाही. १७ वाऱ्या झाल्या आणि दर वेळी कळसाचं दर्शन घेऊन माघारी. त्यांच्यानंतर मुलगा हेड कोच झाला, त्याला तीन वर्षांत काढलं. चाळीस वर्षांची पुण्याई तीन हंगाम पुरली.

आता माझं मत. जाऊ द्या त्याला. पण दोन वर्षांच्या बोलीवर, आणि ती बोली तिघांनी टेबलावर बसून करायची.

पहिली गोष्ट तेल कंपनीची. तिथे त्याने स्वतः, या आठवड्यात फोन करायचा. ऑगस्टच्या आदल्या दिवशी ईमेल टाकून पळायचं नाही. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज केला तर चालेल का, हे थेट विचारायचं. २४ व्या वर्षी मास्टर्स घेऊन परत आलेला इंजिनिअर कोणालाही खटकत नाही. तिशीत, आठ वर्षं बाहेर राहून आलेला खटकतो. म्हणून दोन.

मास्टर्स कशात करणार हे विचारलंत का? फी माफ आहे म्हणून जी सोपी पदवी असेल ती घ्यायची, असं बरीच मुलं करतात. त्याच्याकडे इंजिनिअरिंग आहे, ते वाया घालवू नये. आज बऱ्याच कॉलेजांत चेंडूचा वेग, फिरकी, वळण मोजणारी ट्रॅकमॅन, रॅप्सोडो अशी यंत्रं असतात आणि त्यातून येणारे आकडे मुलांना कळतील अशा भाषेत सांगणारा माणूस नसतो. वेस जॉन्सन नावाचे पिचिंग कोच अशा अभ्यासाच्या जोरावर आर्कान्सातून मेजर लीगच्या मिनेसोटा ट्विन्सकडे गेले, तिथून २०२२ च्या मध्यावर पुन्हा कॉलेज बेसबॉलमध्ये, लुइझियानाच्या एलएसयू विद्यापीठात आले आणि २०२३ मध्ये जॉर्जियाचे हेड कोच झाले. संख्याशास्त्र किंवा डेटाचं मास्टर्स घेतलं तर मैदानावरही चालेल, आणि नाहीच जमलं तर तेलातही चालेल.

ओक्लाहोमाच्या हेड कोचला त्याने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. तुमचे याआधीचे ग्रॅज्युएट असिस्टंट आज कुठे आहेत? चांगला कोच चार नावं चटकन सांगतो आणि त्यांचे फोन नंबर देतो. जो "बघू, आठवून सांगतो" म्हणतो, त्याला फुकटचा व्हॅन ड्रायव्हर हवा असतो. या धंद्यात नोकऱ्या अर्जावर कमी आणि फोनवर जास्त मिळतात. जानेवारीत बेसबॉल कोचेसचं मोठं अधिवेशन भरतं, तिथे व्याख्यानांपेक्षा हॉटेलच्या लॉबीत जास्त गर्दी असते. तरुण असिस्टंट स्वच्छ शर्ट घालून उभे असतात, की आपल्या साहेबाने कोणाशी तरी ओळख करून द्यावी. साहेब ओळख करून देणारा आहे का, एवढं बघा.

दोन वर्षांनी कसं ठरवायचं? तुम्ही ठरवायचं नाही, त्यानेही नाही. फोन ठरवेल. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला कुठूनतरी पगारी जागेसाठी कोणी आपणहून बोलावलं, तर पुढे जावं. कोणीच बोलावलं नाही, तर तेल कंपनी किंवा शाळा. आणि दरम्यान क्रेडिट कार्डावर संसार करायचा नाही. भाड्यातली तूट तुम्ही भरणार असाल तर आकडा आत्ताच ठरवा. दर महिन्याला त्याने मागायचं आणि बाबांनी सुस्कारा सोडून द्यायचं, यात दोघांचंही नुकसान आहे.

आणि पेन्सिलीचा तो प्रश्न त्याला नक्की विचारा. तू ज्याच्याबरोबर राहिलास, जेवलास, त्या पोराला तू संघाबाहेर काढशील का? लगेच हो म्हणाला तर मला जरा काळजी वाटेल. विचारात पडला तर बरं.

बापलेकांचं बोलणं सुरू करायला माझ्याकडे उपाय एकच. ओमाहाचे सामने टीव्हीवर लागले की यजमानांना त्याच्या शेजारी बसवा. खेळाबद्दल काही विचारायचं नाही. एवढंच विचारायचं, "आत्ता तो पिचर का बदलला?" क्रिकेट बघणाऱ्या माणसाला गोलंदाज का बदलला यावर गप्प बसता येत नाही. तिसऱ्या डावापर्यंत वाद सुरू होईल. होऊ द्या. तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊ नका.

सासूबाईंना सांगा, "कॉलेजात लागला." शब्दही खोटा नाही. सांगलीत कॉलेजात लागलेल्याला अजून मान आहे.

मुलगी कोण देणार, याचं उत्तर मी देणार नव्हते, कारण ती कोणी "देत" नाही, तीच ठरवते. तेव्हा तिला सांगायच्या गोष्टी सांगते. फेब्रुवारी ते मे तो शनिवार-रविवार घरी नसेल. जूनमध्ये फोनवर असेल, जुलैत जॉर्जियात. लग्नाला उरले ऑगस्टचे शेवटचे दिवस किंवा डिसेंबर. ऑगस्टमध्ये चातुर्मास, म्हणजे डिसेंबर. गुरुजींना आत्तापासून कल्पना देऊन ठेवा.

आणि जाताना त्याच्या गाडीत सोफा, टीव्ही काही कोंबू नका. कुकर, मिसळणाचा डबा आणि एक चांगला रेनकोट द्या, ताडपत्री ओढावी लागेल. त्याचा पहिला घरचा सामना फेब्रुवारीत असेल. त्या वेळी ओक्लाहोमात वारा असा असतो की उघड्या लोखंडी बाकावर तिसऱ्या इनिंगनंतर बसवत नाही. दोघंही जा, आणि सांगलीहून आणलेली ती जाड गोधडी बरोबर न्या.